मोसिन-नागांत ९१/३०, इझेव्हस्क १९४३: रिसिव्हरच्या आतल्या टूल मार्क्स घासायच्या की नाही?

११ जानेवारी २०२५

रायफल घरी आली. मोसिन-नागांत ९१/३०, नळीच्या बुडाशी इझेव्हस्क कारखान्याचा त्रिकोणातला बाण आणि खाली १९४३. काडतूस ७.६२ बाय ५४ मिमी, रिमवालं. लांबी १२३ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास. युद्धानंतर कधीतरी सोव्हिएत शस्त्रागारात तिची दुरुस्ती झालेली आहे: दस्त्यावर तांबूस शेलॅक, बोल्टवर (नळीचं मागचं तोंड बंद करणारा, हाताने सरकवायचा दांडा) नंतर ठोकलेला नंबर, आणि सगळीकडे कॉस्मोलीन. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं ते ग्रीस ओहायोच्या जानेवारीत मेणासारखं घट्ट झालंय.

आधी सुरक्षा: चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही केली. या कामात जिवंत काडतुसं गॅरेजमध्ये येणार नाहीत. काडतूस भरून बघायची वेळ येईल तिथे डमी वापरायच्या.

बोल्ट काढून रिसिव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्या पोलादी चौकटीत सरकतो तिच्यात, टॉर्च मारला आणि थबकलो. डाव्या भिंतीवर आडव्या-तिडव्या रेघा, मागच्या ब्रिजच्या (रिसिव्हरच्या मागच्या बाजूचा, बोल्टवरून जाणारा पूल) आत कटरने ओरबाडल्यासारखा पट्टा, वरच्या बाजूला चॅटरच्या, म्हणजे कापताना कटर थरथरल्याच्या लाटा. टूलरूममध्ये असा जॉब इन्स्पेक्शनला आला असता तर मी तो टेबलावर ठेवूही दिला नसता. त्यात बोल्ट उघडताना चांगलाच जड जातो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हेच या प्रकल्पात शोधायचं आहे. तो कळेपर्यंत फाईल, एमरी पेपर, ऑइल स्टोन, काहीही आत जाणार नाही.

१२ जानेवारी

मेहुण्याला फोटो पाठवले होते. रात्री त्याचा फोन आला. “दाजी, अख्खं आयुष्य मशीनवर काढलंत तुम्ही आणि आतून हे असंच ठेवणार? दोन तासांत आरसा करून टाकाल तुम्ही.”

दोन तासांत आरसा होईल यात शंका नाही. पण आरसा करताना किती धातू जातो, ते त्याला समजावून सांगितलं. एखादी रेघ ०.०५ मिमी खोल असेल तर ती ‘पुसायची’ म्हणजे तिच्या आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग ०.०५ मिमीने खाली आणायचा. खड्डा भरून येत नाही, डोंगर उतरवावे लागतात. साध्या भिंतीवर ०.०५ ने काही बिघडणार नाही. पण जिथे दोन भाग एकमेकांवर टेकून दाब घेतात तिथे तेवढंच माप फार मोठं असतं. शिवाय हाताने पेपर मारताना कोपरे गोल होतात आणि सपाट जागेला पोट येतं. गेलेला धातू परत लावता येत नाही.

१८ जानेवारी

आज फक्त साफसफाई. धातूचे सगळे भाग मिनरल स्पिरिटमध्ये बुडवले. बोल्टचे सुटे भाग करायला कुठलंही हत्यार लागत नाही, हे या डिझाइनचं मोठंच कौतुक. बोल्टचा मुख्य भाग, त्याचं वेगळं डोकं, जोडपट्टी, कॉकिंग पीस, फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई), स्प्रिंग. बर्फात, हातमोजे घालून, फारसं शिक्षण नसलेल्या शिपायाने हे करायचं होतं, आणि तसा विचार करणाऱ्यांनीच ते घडवलं आहे. कर्नल सर्गेई मोसिन यांचं हे १८९१ चं डिझाइन. मॅगझिनच्या रचनेत बेल्जियमच्या नागांतचा वाटा.

२५ जानेवारी

आता रिसिव्हर स्वच्छ आहे आणि खुणा नीट वाचता येतात. मला यातला हा भाग सर्वात आवडतो, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

मागच्या ब्रिजच्या गोल भोकात परिघाच्या दिशेने समान अंतरावरच्या बारीक रेघा आहेत. त्या फिरणाऱ्या टूलच्या. अंतर एकसारखं आहे, म्हणजे फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) यांत्रिक होता आणि मशीन ठीक चालत होतं. लग (बोल्टला कुलूप लावणारा, बाहेर आलेला कान) ज्या खाचेतून पुढे-मागे जातो तिथल्या रेघा लांबीच्या दिशेने आहेत. टूल त्या दिशेनेच ओढत नेलेलं असणार. बोल्टही त्याच दिशेने सरकतो, त्यामुळे या रेघा दिसायला कितीही भरड असल्या तरी त्याला आडव्या येत नाहीत. डाव्या भिंतीवरच्या कमानदार रेघा मिलिंग कटरच्या, आणि त्यांच्यातला धातू थोडा फाटल्यासारखा दिसतो. ती बोथट कटरची सही. वरच्या लाटा चॅटरच्या: एकतर जॉब नीट पकडलेला नव्हता किंवा स्पिंडलमध्ये ढिलाई होती, आणि तरीही फीड कमी केलेला नाही.

तो कमी का केला नाही, हे साल बघितलं की कळतं. १९४१ च्या शरद ऋतूत जर्मन सैन्य तूला शहराच्या वेशीपर्यंत आलं. तिथल्या शस्त्र कारखान्याची यंत्रं उचलून पूर्वेला न्यावी लागली आणि रायफलींचा मुख्य भार उरल पर्वताच्या अलीकडच्या इझेव्हस्कवर पडला. अनुभवी कामगार आघाडीवर गेलेले, त्यांच्या जागी बायका आणि शाळकरी वयाची मुलं मशीनवर. युद्धापूर्वीच्या इझेव्हस्कच्या रायफली आतून-बाहेरून गुळगुळीत असतात. १९४२ आणि ४३ च्या बाहेरूनसुद्धा ओबडधोबड. ज्या फिनिशिंग कटने गोळी लागण्यात काही फरक पडत नव्हता तो कट सोडून दिला आणि तो वेळ पुढच्या रायफलीला दिला. पण माझ्या रिसिव्हरमध्ये लग जिथे टेकतात त्या जागा बघितल्या तर तिथलं काम वेगळंच आहे: स्वच्छ, सपाट, बारीक. म्हणजे कुठे घाई चालेल आणि कुठे नाही, हे त्या शॉप फ्लोअरवर पक्कं माहीत होतं. घाईच्या कामात इतकी शिस्त पाळणं किती अवघड असतं ते मशीनवर उभं राहिलेल्या माणसालाच कळेल. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

२६ जानेवारी

गावातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळीक, ठरलेल्या मापाच्या गेजने तपासून घेतला. गो गेजवर बोल्ट बंद होतो, नो-गोवर होत नाही. फायरिंग पिन किती बाहेर येते तेही पाहिलं. मोसिनच्या मूळ चपट्या पान्यावरच ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात, इंचाच्या हजाराव्या भागात. पिन ७५ च्या खाचेला टेकली पाहिजे आणि ९५ च्या खाचेला टेकता कामा नये. म्हणजे साधारण १.९ ते २.४ मिमी. माझी बरोबर मध्ये बसते.

दुकानाचे मालक सत्तरीचे आहेत. रिसिव्हरमध्ये डोकावून म्हणाले, “ज्या जागेचं काम काय आहे ते तुम्हाला सांगता येत नाही, ती जागा घासू नका.”

१ फेब्रुवारी

इंजिनियर्स ब्लूची चाचणी. ही निळी पेस्ट जिथे दोन भाग टेकतात तिथे पुसली जाते किंवा उमटते. बोल्टवर निळ्याचा पातळ हात दिला, बोल्ट आत घातला, अनेकदा उघडला आणि बंद केला. मग बाहेर काढून निळा कुठून पुसला गेला आणि रिसिव्हरमध्ये कुठे उमटला ते पाहिलं.

डाव्या भिंतीवरच्या कमानदार रेघांवर काहीच उमटलं नाही. ज्या ओरबाड्यांचे फोटो पाहून मेहुणा कळवळला होता, त्यांना बोल्ट शिवतसुद्धा नाही. चॅटरच्या लाटांवरही निळा नाही. म्हणजे दिसायला सर्वात वाईट असलेल्या दोन्ही जागांचा बोल्टच्या चालीशी काहीच संबंध नाही. तो विषय इथेच मिटला.

निळा तीन ठिकाणी लागला. एक, लांबीच्या खाचेच्या तळाशी हलकासा, दोन्ही बाजूंना सारखा, तो लागणारच. दोन, लगांच्या मागच्या बाजूला. उजवा लग जवळजवळ पूर्ण टेकतो, डावा थोडा कमी, पण दोन्ही भार घेतात. मोसिनमध्ये बोल्ट बंद झाल्यावर हे दोन लग आडवे असतात, माउझर ९८ मध्ये उभे. काडतुसाचा सगळा धक्का याच जागा झेलतात. तीन, मागच्या ब्रिजमध्ये बोल्टची कड ज्या फटीतून जाते तिच्या पुढच्या कोपऱ्यावर एक टोकदार, गडद निळा ठिपका. तिथे नख फिरवलं तर अडकतं. ती बर आहे, कटर बाहेर पडताना वळलेली धातूची कड.

या ठिपक्याचा बंदोबस्त करायचा. बाकी कुठेही हात लावण्याचं कारण दिसत नाही.

२ फेब्रुवारी

जडपणा नेमका कुठून येतो ते वेगळं काढलं. फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढून नुसता बोल्ट आत घातला: एका बोटाने वर होतो. सगळं जोडून घातला की जड होतो. म्हणजे हँडल उचलताना लागणारा बराचसा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. मोसिन उघडताना कॉक होते, म्हणजे झाडायला ताणली जाते. हँडल वर जाताना कॉकिंग पीस बोल्टच्या मागच्या तिरप्या खाचेवरून चढते आणि स्प्रिंग दाबली जाते. भारतात एनसीसीत किंवा पोलिसात थ्री नॉट थ्री (ली-एनफिल्ड) हाताळलेल्या माणसाला हे खटकतं, कारण ली-एनफिल्ड बंद करताना कॉक होते आणि तिचा बोल्ट उघडताना हाताला हलका लागतो. तो फरक डिझाइनचा आहे, पेपर मारून जाणार नाही.

हे झालं रिकाम्या रायफलीचं. खरी तक्रार वेगळी असते: काही गोळ्या झाडल्यानंतर बोल्ट असा अडकतो की हँडलवर तळहाताचा फटका मारावा लागतो. ते चेंबरकडे बोट दाखवतं, रिसिव्हरकडे नाही.

८ फेब्रुवारी

चेंबर. डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. शॉटगनचा ब्राँझ ब्रश छोट्या दांड्यावर बसवला, सॉल्व्हंट लावला आणि ड्रिलवर अगदी हळू फिरवला. पांढरं फडकं आत घातलं तर मधासारख्या रंगाचा थर घेऊन बाहेर आलं. पुन्हा ब्रश, पुन्हा फडकं, तोच रंग. फडकं कोरं यायला दुपार उलटली.

हे जुनं, वाळून लाखेसारखं झालेलं कॉस्मोलीन. थंड असताना ते चेंबरच्या भिंतीला गुपचूप चिकटून असतं. गोळ्या सुटल्या, चेंबर तापलं की मऊ होतं, फुगलेली पुंगळी त्याला धरते आणि बोल्ट उचलताना सगळा जोर तिला सोडवण्यात जातो. सोव्हिएत पुंगळ्या बहुतेक पोलादी, पितळी पुंगळीइतक्या चटकन आकसत नाहीत, त्यामुळे पकड आणखी घट्ट. याचा राग लोक बिचाऱ्या रिसिव्हरवर काढतात.

१५ फेब्रुवारी

मेहुण्याने एक नवा उपाय पाठवला: व्हॉल्व्ह घासायची पेस्ट बोल्टला लावायची आणि टीव्ही बघत तो शेकडो वेळा उघडायचा-बंद करायचा. “आपोआप गुळगुळीत होतं म्हणे, दाजी.”

याला माझा ठाम विरोध आहे, आणि का ते इथे नोंदवून ठेवतो. पेस्टला कॉस्मेटिक जागा आणि कामाची जागा यातला फरक कळत नाही. जिथे दाब जास्त तिथे ती जास्त कापते, आणि सर्वात जास्त दाब असतो लगांच्या मागे. तिथला धातू गेला की बोल्ट मागे सरकतो आणि हेडस्पेस वाढतो. भिंतीवरच्या खोल रेघा, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांना तर बोल्ट शिवतच नाही. त्या पेस्टनंतरही जशाच्या तशा राहतील. वर अपघर्षकाचे कण सांध्यांमध्ये, चापाच्या भागात, इंटरप्टरच्या (मॅगझिनमधून एकावेळी एकच काडतूस सोडणारी पट्टी) खाली जाऊन बसतात आणि नंतरही कापत राहतात.

माउझर ९८ सारख्या रायफलींमध्ये याहून मोठा धोका असतो. त्यांचा रिसिव्हर कमी कार्बनच्या पोलादाचा, वरून केस हार्डनिंग केलेला. कठीण कवच बाहेर, आत चिवट मऊ गाभा. कवच मिलिमीटरच्या काही दशांशांचंच असतं. लगाच्या बैठकीवरचं कवच कोणी ‘गुळगुळीत’ करून टाकलं तर पुढे प्रत्येक गोळीगणिक लग मऊ धातूत खड्डा पाडत जातो.

दिसणं आणि बळ यांचा संबंध किती कमी असतो, याचं सर्वात ठसठशीत उदाहरण इथलंच, अमेरिकेतलं. स्प्रिंगफील्ड १९०३ ही रायफल देखणी, तिचं मशीनिंग बघत राहावं असं. पण स्प्रिंगफील्ड आर्मरीतले ८,००,००० च्या आतल्या नंबरचे आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या आतल्या नंबरचे रिसिव्हर ठिसूळ निघू शकतात. कामगार पोलादाचं तापमान त्याच्या रंगावरून, डोळ्यांनी ठरवत, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं लोखंड आहे त्यापेक्षा थंड भासतं. काही रिसिव्हर जळेपर्यंत तापवले गेले. १९१७ मध्ये ते फुटू लागल्यावर १९१८ मध्ये उष्णताप्रक्रियाच बदलली. त्या रिसिव्हरांचं मशीनिंग मात्र देखणंच होतं.

२२ फेब्रुवारी

एक शंका मात्र रास्त होती आणि ती माझीच होती. खोल टूल मार्क म्हणजे ताण साठण्याची जागा. भार पुन्हापुन्हा येणाऱ्या कोपऱ्यात अशी रेघ असेल तर तिच्या तळातून तडा सुरू होऊ शकतो. म्हणून बोल्टच्या डोक्यावर, लगांच्या मुळाशी आणि रिसिव्हरच्या पुढच्या भागात डाय पेनिट्रंट चाचणी केली. लाल रंग लावला, मुरू दिला, पुसला, पांढरं डेव्हलपर फवारलं.

डाव्या भिंतीवर लाल रेघाच रेघा उमटल्या. अननुभवी माणूस घाबरेल. भरड मशीनिंगच्या रेघांमध्येही रंग अडकून राहतो आणि तो असा खोटा इशारा देतो. ओळखायची पद्धत सोपी आहे: ती जागा सॉल्व्हंट लावलेल्या फडक्याने पुसायची, पुन्हा फक्त डेव्हलपर मारायचं. रेघ उथळ असेल तर रंग निघून गेलेला असतो, काही उमटत नाही. तडा असेल तर आतून रंग परत बाहेर येतो, बारीक आणि धारदार. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला सगळं पांढरं राहिलं. लगांच्या मुळाशी तर पहिल्यापासूनच काही नव्हतं.

१ मार्च

बर काढली. अर्कान्सास स्टोन, तेल, फक्त त्या एका कोपऱ्यावर ४५ अंशात हलके हात. प्रत्येक दोन-तीन हातांनंतर नख फिरवून पाहिलं. अडकेनासं झालं तिथे थांबलो. ब्रिजच्या सपाट भागावरचं ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) शाबूत आहे. उघड्या पडलेल्या केसभर पट्टीवर कोल्ड ब्लू (तोच थर देणारं, तापवायला न लागणारं रसायन) लावला, नाहीतर ओहायोच्या दमट उन्हाळ्यात गंज तिथूनच सुरू होईल. मग इंजिनियर्स ब्लूची चाचणी पुन्हा: गडद ठिपका गेला, बाकीचे ठसे होते तसेच.

डाव्या भिंतीवरच्या रेघांवर तेलाचं बोट फिरवलं. तेल त्यांच्यात बसून राहतं. इंजिनच्या सिलिंडर बोअरला होनिंग करताना आपण मुद्दाम तिरक्या रेघा ठेवतो त्या याचसाठी. इथे त्या मुद्दाम ठेवलेल्या नाहीत आणि तिथे घर्षणही नाही, पण गंजापासून बचाव म्हणून हे तेल मला चालेल.

८ मार्च

फिनलंडबद्दल थोडं, कारण प्रश्न त्यांच्यासमोरही होता. फिनिश सैन्याने स्वतः मोसिनचे रिसिव्हर कधी बनवले नाहीत. रशियन साम्राज्याच्या काळातले आणि नंतर लढाईत हाती आलेले रिसिव्हर घेऊन त्यांच्यावर आपल्या रायफली बांधल्या. एम ३९ त्यातली शेवटची आणि बहुतेकांच्या मते सर्वोत्तम. त्यांनी मेहनत कुठे घेतली ते बघण्यासारखं आहे: नवीन चांगली नळी, नवा दस्ता, दस्त्यात नळीची बैठक, नेम धरायच्या साइट्स, चाप. नेम तिथून सुधारतो.

सोव्हिएत स्नायपर रायफलींचीही निवड अचूकतेवर व्हायची. नळी गोळी कशी टाकते हे आधी बघायचे.

२२ मार्च

रेंजवर गेलो. थंडी होती, पण वारा नव्हता. सोव्हिएत जुनी काडतुसं, हिरवट लाखेच्या पोलादी पुंगळ्यांची. सुरुवातीला सावकाश, मग क्लिप भरून सलग. नळी हाताला चटका देईल इतकी तापल्यावरही हँडल एका हाताने वर आलं. तळहाताचा फटका एकदाही लागला नाही. पुंगळ्या तपासल्या: रिम शाबूत, अंगावर चिकट थराचे ठसे नाहीत.

नेम अजून डावीकडे जातो, ते पुढच्या माशीचं काम आहे, वेगळी नोंद करेन.

घरी आल्याबरोबर आधी गरम पाणी. या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हे मीठ उरतं आणि ते हवेतला ओलावा ओढून नळी गंजवतं. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. आधी पाण्याने नळी, चेंबर, बोल्टचं तोंड धुतलं, कोरडं केलं, मगच तेल.

२९ मार्च

निर्णय नोंदवतो. रिसिव्हरच्या आतल्या टूल मार्क्स आहेत तशाच राहतील. ब्रिजच्या कोपऱ्यावरची बर काढली तेवढंच. लग, त्यांच्या बैठका, कॉकिंगची तिरपी खाच, सिअरचा (चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवणारी पट्टी) कोन, कशालाही दगड लागलेला नाही आणि लागणार नाही.

मेहुण्याने या आठवड्यात स्वतःची रायफल घेतली. १९३८ ची, तूलाची, युद्धापूर्वीची. व्हिडिओ कॉलवर रिसिव्हर दाखवला: आतून काचेसारखा, एक रेघ नाही. आणि दहा गोळ्यांनंतर बोल्ट अडकतो, अशी तक्रारही त्यानेच केली. त्याला ब्रशचा नंबर आणि सॉल्व्हंटचं नाव पाठवलंय. पांढरं फडकं चेंबरमधून कोरं बाहेर येईपर्यंत मला फोटो पाठवत राहा म्हटलं आहे.